पत्रव्यवहाराचं पान परत द्या

मराठी दिवाळी अंकांच्या आणि रविवार पुरवण्यांच्या संपादकांस,



मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवून जगलेल्या बायका आता तुमच्या अंकांत स्वतःच्या नावाने लिहितात. तुम्ही ते लेख मागवता, छापता, त्याबद्दल आधी मनापासून आभार. माझाही असा एक लेख एका दिवाळी अंकात आला. त्याच्या शेवटी, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे, माझा मोबाइल नंबर छापलेला होता. वाचकाने थेट लेखिकेशी बोलावं, मध्ये संपादक नको, अशी ही व्यवस्था. तिच्यामुळे वाचकांची पत्रं तुमच्या टेबलावर येत नाहीत आणि पुढच्या अंकात त्यांना जागाही द्यावी लागत नाही. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. लेखिकेवर अन्याय होतोच, पण त्याहून जास्त वाचकावर होतो.

लेख साधा होता. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करायची, आम्ही चार भावंडं दोन खोल्यांत वाढलो. मी बँकेत लागले, लग्न केलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की मूल नको. का नको ते मी लिहिलं होतं. चार बाळंतपणांनी आईचं काय झालं ते लिहिलं होतं. महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या खात्यात पगार जमा व्हायला लागल्यावर घरच्यांसमोर 'नाही' म्हणताना आवाज कसा स्थिर झाला, तेही लिहिलं होतं.

मग फोन सुरू झाले. काही शिवीगाळीचे होते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नंबर बंद करता येतो. 'म्हातारपणी कोण बघणार?' हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे सगळ्यांत जास्त वेळा आला. पण तो विचारणारे निम्मे लोक स्वतःच म्हातारे होते, आणि थोडा वेळ बोलल्यावर कळायचं की त्यांची मुलं न्यू जर्सीला किंवा बेंगळुरूला आहेत, आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो, आणि प्रश्न माझ्यासाठी नसून त्यांचा त्यांनाच पडलेला आहे. एक निवृत्त गृहस्थ मला समजावायला म्हणून बोलायला लागले आणि शेवटी बायको गेल्यापासून जेवणाचा डबा कसा लावलाय ते सांगत राहिले. त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

दुपारी दोन ते चारमध्ये यायचे ते फोन वेगळे. ते बायकांचे. नवरा कामावर, मुलं शाळा-कॉलेजात, सासू वामकुक्षीला, त्या वेळातले. या बायका लेखाबद्दल फारसं बोलत नसत. 'मला पण नको होतं हो,' एवढं एक वाक्य बोलून त्या थांबायच्या. मुलांवर त्यांची माया होती, ती त्या आवर्जून सांगायच्या. मुलांना हे कधी कळू नये म्हणून घाबरायच्याही. त्यांना माझ्याकडून सल्ला नको होता, पाठिंबाही नको होता. ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघायचं होतं. संपादकहो, हे सगळं माझ्या फोनमध्ये आलं आणि तिथेच संपलं. तुमच्या अंकात छापून आला तो एका बाईचा अनुभव. त्याच्याभोवती जो खरा ऐवज जमा झाला, तो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही.

आणखी एक प्रकार सांगते. माझं आडनाव महाराष्ट्रात चार-पाच जातींत सापडतं. लेखात जात लिहिलेली नव्हती, म्हणून वाचकांनी ती आपापली ठरवून घेतली. ज्यांनी मला वरच्या जातीची धरलं त्यांनी लिहिलं की कोथरूड-कर्वेनगरच्या पोट भरलेल्या बायकांचे हे चोचले आहेत. ज्यांनी मला आपल्यातली मानलं त्यांच्यातल्या काहींनी कळवळून लिहिलं की आपला समाज आत्ता कुठे शिकतोय, तुमच्यासारख्यांची मुलं पुढे आली पाहिजेत, आणि तुम्हीच थांबलात. एकाने तर लोकसंख्येचं राजकारण समजावून सांगितलं. लेख एकच, शब्द तेच. 'हा निर्णय दोघांचा आहे' असं लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात होतं. तरी 'तुमच्या यजमानांशी बोलायचंय' असं एकाही वाचकाने म्हटलं नाही.

मी कर्वेनगरात राहते, म्हणून या ठिकाणी एका संपादकाचं नाव काढणं मला भाग आहे. आमच्या भागाला जुनी माणसं अजून हिंगणेच म्हणतात. १८९६ साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली शहरातून या माळावर हलवला. फर्ग्युसन कॉलेजातलं शिकवणं आटोपून ते पायी इथवर यायचे. नगराला नाव त्यांचं. मला आठवण काढायची आहे ती त्यांच्या थोरल्या मुलाची, रघुनाथरावांची. मूल होऊ न देण्याचा निर्णय त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी शंभर वर्षांपूर्वी घेतला, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. आजच्या महाराष्ट्राशी हे ताडून बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण एक टक्कासुद्धा भरलं नाही.

१९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक निघाला, आणि १९५३ साली ते गेले त्या वर्षापर्यंत ते मासिक चालत राहिलं. त्यांचे लेख, 'शारदेची पत्रे' हे सदर, मुखपृष्ठावरची चित्रं, यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला, अतुल पेठेंनी दिग्दर्शित केलेलं नाटक आलं. संपादक म्हणून त्यांचं मोठेपण मला मात्र वाचकांच्या पत्रव्यवहारात दिसतं. ज्या शंका माणसं वैद्याला विचारायला धजत नव्हती, त्या त्यांनी या संपादकाला लिहून पाठवल्या, आणि त्याने त्यांची उत्तरं छापील पानावर दिली. विचारणाऱ्याची लाज काढली नाही, त्याला उपदेश केला नाही. एकाने विचारलेल्या शंकेचं उत्तर शंभर जणांनी वाचलं, कारण ते छापलं गेलं होतं.

१९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला, तो याच पत्रव्यवहारावरून. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले होते आणि संपादकाने त्यांना उत्तरं दिली होती. वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील होत नाही, आणि लोकांना प्रश्न असतील तर त्यांना ज्ञानानेच उत्तर दिलं पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक बंद पडलं नाही, उत्तरं देणंही बंद पडलं नाही. त्या दिवशी पिंजऱ्यात संपादक उभा होता. वाचकाला कुणी उभं केलं नव्हतं, कारण वाचक आणि कायदा यांच्यामध्ये संपादक होता.

तुमच्यापैकी कुणी दंड भरावा असं मी म्हणत नाही. लेखिका आणि वाचक यांच्यामध्ये निदान तुमचं टेबल असावं, एवढंच मागते.

या गोष्टीला हिंगण्याचाच आणखी एक धागा आहे. बाळूताई खरे हिंगण्याच्या आश्रमात शिकल्या आणि पुढे कर्व्यांच्याच संस्थेत शिकवायला लागल्या. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावाने त्यांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुली त्यात होत्या. त्यांची मिळकत घराला हवी आहे आणि त्यांच्या मनाचं मात्र कुणी विचारत नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे बाईचा पगार आणि बाईचं शरीर यांचा हिशेब एकत्र मांडलेला होता. गदारोळ झाला. पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा ते कुणी लिहिलंय, ही बाई आहे तरी कोण, याचा शोध जास्त चालला. मालतीबाई बेडेकर म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखायला लागला तो पुढे. त्यांना टोपणनावाचा आडोसा होता. आजच्या लेखिकेला तुम्ही तोही ठेवलेला नाही. तिचं नाव, फोटो, नंबर आणि गाव, सगळं एका चौकटीत देता.

या एवढ्याशा माळाने बायकांचं प्रथमपुरुषी लेखन किती दिलं! १९२८ साली पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी', १९४४ साली आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण'. दोघींच्या वाट्याला वैधव्य आलेलं. मूल हवं की नको हा प्रश्न विधवेला त्या काळात कुणी विचारलाच नव्हता, आणि झालंच तर काय गहजब होईल हे ठाऊक असल्यामुळेच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं होतं. फुले दांपत्याला स्वतःचं मूल नव्हतं. ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. आपल्या शहराकडे या विषयावरचं एवढं संचित असताना, मूल न होऊ देण्यावरचा लेख तुम्ही जणू परवाच विमानातून उतरलेली कल्पना असल्यासारखा सादर करता, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ज्या पत्रामुळे हे सगळं लिहायला बसले, त्याबद्दल.

ते व्हॉट्सअॅपवर आलं, रात्रपाळीत लिहिलेलं. लिहिणारी एका रुग्णालयात नर्स आहे. तिची आई याच कर्वेनगरातल्या सोसायट्यांत भांडी-फरशी करायची. तिने लिहिलं की तुमचा लेख आवडला, पण तो वाचताना माझ्या मावशीची आठवण झाली. मावशी परभणीकडची. तिला मूल नव्हतं, म्हणून नवऱ्याने दुसरी केली. मावशी त्याच घरात राहिली, सवतीची बाळंतपणं तिने काढली, तिची पोरं तिने वाढवली, आणि डोहाळजेवणात ओटी भरायच्या वेळी मात्र ती मागच्या दाराशी उभी असायची. मावशीला मूल होत नव्हतं की तिला नकोच होतं, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही, कारण असा काही प्रश्न असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे तिने स्वतःचं लिहिलं. लग्नाला काही वर्षं झाली, तिला मूल नको आहे, आणि ती हे घरात बोलू शकत नाही. पगार सासरच्या घराच्या हप्त्यात जातो. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ती काम करते तेही 'पहिलं होऊन जाऊ दे, मग बघू' असंच म्हणतात. शेवटी तिने मला विचारलं: तुमच्या दारावर तुमच्या नावाची पाटी आहे. ते घर सासऱ्यांचं असतं तर हा लेख तुम्ही लिहिला असता का?

नसता लिहिला. मी तिला तसंच कळवलं. लेखातसुद्धा पगाराचा परिच्छेद मी त्यासाठीच घातला होता. पण तिने जे विचारलं ते माझ्या परिच्छेदाच्या पुष्कळ पुढचं होतं, आणि ते तुमच्या सगळ्या वाचकांसमोर यायला हवं होतं. मी ते पत्र, तिची परवानगी घेऊन, नाव-गाव काढून, त्या अंकाच्या संपादकांकडे पाठवलं. वाचकांची पत्रं आम्ही आता घेत नाही, असं उत्तर आलं.

तिचा प्रश्न एकटीचा नाही, म्हणून तो मला सोडवत नाही. आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवाला ज्या बायका मला 'एक तरी होऊ द्यायचं' म्हणतात, त्याच आपल्या कामवालीला 'तिसरं कशाला गं ठेवलंस?' म्हणून रागावतात. दोन्ही वेळी त्यांचा हेतू चांगलाच असतो. सरकारही याच दोन आवाजांत बोलत आलंय. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनंतर सरकारी नोकरीलाही तीच अट लागली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्याचा जननदर १.७ वर आलेला दिसला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी तीन मुलांची गरज बोलून दाखवली. कुणी थांबायचं आणि कुणी थांबू नये, हे सांगणारे लोक बदलतात. ज्यांना सांगितलं जातं त्या बायका त्याच राहतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं २०१९ साली उघडकीला आलं, ते आठवा. सरकारने नेमलेल्या समितीने ८२,३०९ जणींची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मजुरी बुडते, उचल फिटत नाही, दुखणं घेऊन गेलं की दवाखाना पिशवीच काढून टाकायचा सल्ला देतो. या बायकांना बहुतेक मुलं झालेली होती, त्यामुळे 'अपत्यहीनता' या विषयाच्या फायलीत तुम्ही त्यांना धरणार नाही. मी धरते. आपल्या पोटाचं काय करायचं हे कोण ठरवतं, या एकाच प्रश्नाची ही सगळी उत्तरं आहेत. आंबेडकरांना हे दिसत होतं. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हा त्या ठरावाची मांडणी गरिबी आणि गरीब बायकांचं आरोग्य यांवरच उभी होती. ठराव नामंजूर झाला.

तुम्ही म्हणाल, अशा बायका लिहीत नाहीत, आम्ही काय करणार? १९८२ साली पुण्याच्याच 'स्त्री' मासिकाने बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' क्रमशः छापलं. फलटणला छोटं किराणा दुकान चालवणाऱ्या या बाईंनी ते घरच्यांपासून लपवून वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं होतं. कुणीतरी त्या वह्यांबद्दल विचारलं, कुणीतरी मासिकाची पानं मोकळी केली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या समाजातूनही 'आपला उकिरडा चव्हाट्यावर का आणलात' अशी नाराजी आली, आणि त्या नाराजीवरही तेव्हा महाराष्ट्रात उघड चर्चा झाली. आत्मकथन छापायचं आणि त्याच्यावरचा लोकांचा राग, शंका, दुखावणं हेही त्याच गांभीर्याने ऐकायचं, ही सवय आपल्याला होती.

मला तुमच्याकडून जे हवं आहे ते खर्चिक नाही. लेखाखाली लेखिकेचा नंबर छापू नका, तुमच्या कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल छापा. आलेली पत्रं वाचा. शिव्या केराच्या टोपलीत टाका; बाकीच्यांतून निवडून, विचारणाऱ्याला नको असेल तर नाव न देता, दोन पानं छापा. दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो ही अडचण मला समजते; मग ती पुढच्या वर्षीच्या अंकात छापा, वाचक वाट बघेल. आणि उत्तर द्या. लेखिकेने द्यायचं ते ती देईल. वैद्यकीय असेल ते डॉक्टरांकडून घ्या, कायद्याचं असेल ते वकिलाकडून. पण हा लेख आम्ही का छापला, याचं उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं आहे, ते दुसरं कुणी देऊ शकत नाही. 'पुरुषाने काय ठरवलं' हेसुद्धा कधीतरी एखाद्या पुरुषाकडून लिहून घ्या. रघुनाथरावांनंतर इतक्या वर्षांत तो आवाज मी फार क्वचित ऐकलाय.

आणि ज्यांच्याकडे लिहायला टेबल नाही त्यांच्याकडे जा. हिंगणे होम कॉलनीतून चालत दहा मिनिटांवर वडार वस्ती आहे. तिथल्या बायकांना सांगण्यासारखं काही नाही असं मानू नका. एखादीला लिहिता येत नसेल तर तिच्या तोंडून ऐकून, तिच्याच बोलीत, तिला वाचून दाखवून छापा.

त्या नर्सचं पत्र माझ्याकडे आहे. ते छापायला तिची हरकत नाही, मी पुन्हा विचारून घेतलंय. नाव तिला द्यायचं नाही. दिवाळी अंकांची जुळवाजुळव जून-जुलैत सुरू होते, त्याआधी तुमच्यापैकी कुणीही मागितलं तर टंकलिखित करून पाठवते. माझ्या लेखाला जेवढं मानधन दिलं जातं तेवढंच तिला द्यावं. फक्त धनादेश तिच्या एकटीच्या खात्यावर काढावा. त्या खात्याचा तपशील ती तुम्हाला स्वतः कळवेल.

आपली,
कर्वेनगरची एक लेखिका आणि तुमची वाचक